शुभांगीनं गाडीला डायनामो भरला

शुभांगीच्या उजव्या करंगळीचं नख अजून थोडं काळं आहे. साबण झाला, लिंबू झालं, रॉकेलही झालं, असं ती सांगते. माझा संशय असा, की ती ते मुद्दाम राखून आहे, कारण कोणी विचारलं की गोष्ट सांगायला मिळते. पण सांगताना तिला मध्येच हसू फुटतं आणि गोष्ट अर्धवट राहते. म्हटलं, आपणच लिहून काढावी. गोष्ट घडली तेव्हा मी आमच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसलेला होतो, आणि माझ्या खुर्चीवरून त्यांच्या गाडीचं बॉनेट सरळ दिसतं.

आम्ही नाशिकला, पंचवटीत हिरावाडीला राहतो. आमच्या भिंतीला लागून सगुणाबाईंचं घर. सगुणाबाई कासाराच्या, म्हणजे बांगड्या भरणं हा त्यांचा पिढ्यांचा धंदा. मी त्यांना प्रथम पाहिलं ते सिन्नरच्या बाजारात. माझी बायको नवी नवरी होती तेव्हाची गोष्ट. सगुणाबाईंनी तिचा हात हातात घेतला, माहेर कुठलं, भाऊ किती, विहिरीला पाणी आहे का, असं विचारत राहिल्या, आणि बायको उत्तरं देत असताना केव्हा डझनभर बांगड्या हातात गेल्या ते तिलाही कळलं नाही. घरी आल्यावर ती म्हणाली, त्या बाईच्या हाताला हाडंच नाहीत. पुढे आम्ही शेजारी होणार, हे तेव्हा कुणाला माहीत होतं.

त्याच हातांना आता कंप सुटलाय. चहा प्यायला घेतला की कप बशीवर वाजतो. काचेच्या धंद्यात असा हात चालत नाही. म्हणून गेल्या वर्षापासून सगुणाबाई खुर्चीत बसतात आणि बांगड्या सून भरते. सून म्हणजे आमची शुभांगी.

आता शुभांगी काही कासाराची नव्हे. सिन्नरजवळच्या शेतकऱ्याची मुलगी, कांद्याच्या रोपात वाढलेली. सगुणाबाईंचा दीपक बाजारात आईबरोबर दुकानावर बसायचा, आणि ही पोरगी दर बाजारी यायची आणि सांगायची, मागच्या बाजारच्या बांगड्या वाढल्या. बांगडी फुटली असं आमच्याकडे म्हणत नाहीत, अशुभ वाटतं, वाढली म्हणतात. शेवटी सगुणाबाईंनीच विचारलं, "का गं, तू बांगड्या हातात घालतीस का जोत्यावर आपटतीस?" पोरगी लाजली, दीपक डबे आवरायला लागला, आणि सगुणाबाईंना जे कळायचं ते कळलं. लग्न झालं. दीपक सिन्नरच्या कारखान्यात लागला, आणि बांगड्यांचा धंदा सासू-सुनेकडे आला. छोटी लाल मोटार जुन्यातली घेतली, तिची मागची सीट पाडून डबे रचले. गाडी चालवायला घरात सगळ्यात आधी शिकली ती शुभांगीच. दीपक तिच्या शेजारी बसून दार धरून ठेवतो.

धंदा चालला होता, पण एक गोष्ट अडकलेली होती. बाजारात येणाऱ्या पोरी शुभांगीकडून बांगड्या भरून घ्यायच्या, पण नवरीचा चुडा म्हटलं की लोक सगुणाबाईंना विचारायचे. लग्नाचा हिरवा चुडा भरताना एखादी जरी बांगडी वाढली तरी बायका एकमेकींकडे बघतात. शेतकऱ्याच्या पोरीच्या हाती तो कोण देणार. सगुणाबाईंचा हात गेला आणि त्याबरोबर चुड्याची घरंही एकेक करून जायला लागली.

त्यातलं सगळ्यात जुनं घर कळवणपलीकडच्या एका गावात कुसाबाईंचं. कुसाबाईंचा स्वतःचा चुडा सगुणाबाईंच्या सासूनं भरलेला, त्यांच्या लेकींचे सगुणाबाईंनी. आता नातीचं, संजनाचं लग्न निघालं. कुसाबाईंचा फोन आला तेव्हा सगुणाबाईंनी स्पष्ट सांगितलं, "माझी सून भरंल."

"तुझी सून रोपं लावणाऱ्या घरातली. तिला हात दाबता येतो का?"

"येतो."

"आन एखादी वाढली तर?"

"नाय वाढायची."

 कुसाबाई म्हणाल्या, "बरं. पण तू समोर बसायचं. आन हळदीच्या दिवशी सकाळच्या पारी यायचं, उन्हं तापायच्या आत. कळवणच्या दुकानदाराला मी सांगून ठेवते. तुम्ही नाय आल्या तर त्यो येईल."

फोन ठेवल्यावर सगुणाबाई सुनेला एवढंच म्हणाल्या, "हे घर राहिलं तर बाकीची राहतील." शुभांगीनं मान हलवली आणि त्या दिवसापासून गल्लीत ज्या कोणाचा हात सापडेल तो दाबायला सुरुवात केली. माझाही दाबला. माझा अंगठा अजून त्या बाजूला वळलेला आहे.

हळदीला दोन दिवस उरलेले असतानाची संध्याकाळ. शुभांगी हिरव्या बांगड्यांचे डबे घेऊन बाजारातून परतत होती. पंचवटी कारंजावर गाडीचे दिवे मंद झाले, हॉर्न वाजवला तर आजारी शेळीसारखा आवाज आला, आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन गाडी गप्प झाली. आम्ही सगळ्यांनी ढकलून घरी आणली. समोरच्या काट्यांमध्ये बॅटरीचं चित्र असलेला लाल दिवा पाडव्यापासून अधूनमधून लागत होता म्हणे. दीपकनं तिला सांगितलं होतं, बॅटरी नवीन आहे म्हणून लागतो.

सकाळी दीपक बॅटरी स्कूटरवर घालून द्वारका चौकातल्या एका इलेक्ट्रिशियनकडे घेऊन गेला. त्याने तपासून सांगितलं, बॅटरी ठणठणीत आहे, नुसती रिकामी झालीय, हिला भरणारा अल्टरनेटर गेला. आता हे यंत्र म्हणजे काय ते मी तुम्हाला माझ्या पद्धतीनं सांगतो. सायकलला पूर्वी डायनामो असायचा ना, चाक फिरलं की दिवा लागायचा, तसाच हा. इंजिन पट्ट्यानं त्याला फिरवतं आणि तो बॅटरीला वीज पाजतो. तो बंद पडला की बॅटरी साठवलेलं खात बसते आणि संपलं की झोपते. इलेक्ट्रिशियननं बॅटरी चार्जिंगला ठेवून घेतली, जुळणारा अल्टरनेटरही दिला. पण म्हणाला, बसवून देणारा माणूस लग्नाला गेलाय.

लग्नाची मोठी तीथ होती. आमच्या कोपऱ्यावरचा गॅरेजवाला रविराजही चुलतभावाच्या वरातीत नाचत होता. फोनवर आधी बँड ऐकू यायचा, मग तो. "वहिनी, परवा करून देतो." बाकीच्या गॅरेजांतही तेच. भाड्याच्या जीपा सगळ्या वऱ्हाडाला लागलेल्या. आणि एसटीनं जायचं तर सगुणाबाईंचे गुडघे पायरी चढत नाहीत, शिवाय उभ्या गर्दीत काचेचे एवढे डबे कोण सांभाळणार.

दीपक अल्टरनेटर पिशवीत घेऊन दारात उभा राहिला. "मी कुसाबाईंना फोन करतो. गाडी बिघडली म्हणून सांगतो. माणसं समजून घेतात."

"समजून घेतील," शुभांगी म्हणाली, "आणि दुकानदाराला बोलावतील. पुढच्या नातीलाही त्यालाच बोलावतील." तिने पदर खोचला. "तुम्ही बॉनेट उघडा."

"तुला येतं का?"

"नाही. शेखरला येतं."

शेखर तिचा धाकटा भाऊ. मालेगावला हायवेवर ट्रकच्या गॅरेजात काम करतो. त्याला फोन लावला, आणि फोन खिडकीच्या गजाला दोरीनं बांधून बॉनेटवर रोखला. शेखरचं तोंड त्यात दिसायला लागलं, मागे ट्रकचं एक प्रचंड चाक. त्यानं आमच्या गाडीच्या पोटात पाहिलं आणि हसला.

"ताई, हे काय इंजिन आहे का टिफिनचा डबा? आमच्या ट्रकमध्ये मी इंजिनाशेजारी उभा राहून डबा खातो."

"तू नुसतं सांग, कुठं आहे तो."

"मागच्या अंगाला, खाली. दिसतो का?"

आम्ही सगळ्यांनी वाकून पाहिलं. काळोखात एक गोल काहीतरी होतं. त्याच्यापर्यंत जायला इंजिन आणि मागचा पत्रा यांच्यामध्ये जेमतेम फट. तीत पुन्हा एक रबरी पाइप आडवा.

"त्यात पाणीबिणी गेलं होतं का?" शेखरनं विचारलं.

 दीपक आभाळाकडे बघायला लागला. सगुणाबाईंना एकदम पदराची घडी नीट करावीशी वाटली. मला माहीत होतं, कारण मी पाहिलं होतं. पाडव्याला वाहनाची पूजा असते. त्या दिवशी सगुणाबाई म्हणाल्या होत्या, बाहेरून लखलखीत आणि पोट काळंमिट्ट, अशी लक्ष्मी असते का कुठं. मग दीपकनं बॉनेट उघडलं, पाइप लावला, आणि इंजिनाला यथासांग स्नान घातलं. वर हळदकुंकू. आता मी कोणाला हसणार. आमच्या गावात विहिरीवर पहिलं ऑइल इंजिन आलं तेव्हा माझ्या चुलत्यानं त्याला पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला होता, आणि तुपाची धार नेमकी तापलेल्या सायलेन्सरवर धरली होती. सगळा मळा धुरानं भरला. चुलते म्हणाले, देवानं स्वीकारलं.

"डायनामो गेला म्हणू नका," सगुणाबाई शेवटी म्हणाल्या. "वाढला म्हणा."

एवढं म्हटल्यावर सगळे हसले आणि कामाला लागले.

बॅटरी बाहेरच होती, त्यामुळे शॉक बसायची भीती नव्हती. जॅक लावून पुढचं उजवं चाक काढलं. शेखरनं बजावलं, जॅकच्या भरवशावर राहू नका, म्हणून माझ्या अंगणातला लाकडाचा ओंडका गाडीखाली सरकवला. पट्टा ढिला करून उतरवला. वरचा बोल्ट सुटला. राहिला खालचा, लांब बोल्ट, आणि त्याच्या मागे वायरचा एक नट. तिथं डोळा पोचत नव्हता. हाताला दिसलं तर दिसलं.

दीपकनं बाही वर केली आणि हात घातला. कारखान्यात काम करणारा माणूस, पंजा रुंद. कसाबसा गेला. पाना बोल्टला लागला, त्यानं जोर दिला, नट थोडा फिरला, दीपक खूष झाला. "सुटला, सुटला," म्हणाला. आणि मग हात काढायला गेला तर हात येईना.

आधी वाटलं मस्करी करतोय. मग त्याच्या कपाळावर घाम दिसला. शुभांगीनं खांदा धरून ओढलं, मी कंबर धरून ओढलं. मनगटाच्या पुढे अंगठ्याचा फुगवटा पाइपच्या क्लिपला अडून बसला होता. जितकं ओढावं तितका हात फुगत होता. फोनमधून शेखर सांगत होता, "भाऊजी, घाबरू नका, पाइप कापता येतो," ते ऐकून दीपक जास्तच घाबरला. मला आमच्या गावातल्या बोकडाची आठवण आली. त्याचं डोकं तांब्यात अडकलं होतं, आणि सगळा गाव शिंगं सोडून तांब्याच ओढत होता. मी ती गोष्ट सांगायला लागलो, तर दीपक म्हणाला, "नाना, आत्ता नको."

तेव्हा सगुणाबाई खुर्चीतून उठल्या. गुडघ्यावर हात ठेवत, भिंत धरत गाडीपर्यंत आल्या. "ओढू नका कोणी," म्हणाल्या. "साबणाचं पाणी आण गं."

शुभांगीनं साबणाचा फेस करून आणला. सगुणाबाईंनी तो फटीतून लेकाच्या मनगटावर सोडला. मग आपला थरथरता हात त्याच्या दंडावर ठेवला आणि बोलायला लागल्या. काय, तर दीपक लहानपणी एकदा कळवणच्या बाजारात हरवला होता, आणि सापडला तो जिलबीवाल्याच्या ओट्यावर बसलेला. "आठवतंय का रे?" "आठवतंय." "किती खाल्ल्या होत्यास?" दीपक आठवू लागला, आणि त्याचा खांदा खाली आला. "अंगठा तळहातात घे," त्या म्हणाल्या. "करंगळीकडं ने. मूठ नको, पान मिटतं तसं. आता हात सरळ नको काढू, वळव. आधी अंगठ्याचं हाड, मग बाकीचं."

हात सुटकन बाहेर आला. दीपक दोन पावलं मागं जाऊन पायरीवर बसला आणि आपल्या पंजाकडे बघत राहिला.

मी शुभांगीकडे पाहिलं. ती सासूकडे बघत होती. चेहऱ्यावर असं काही होतं, जसं एखाद्या बाईला हरवलेली किल्ली ओच्यातच सापडावी. ती पायरीवर बसली आणि उजव्या हातातल्या बांगड्या उतरवायला लागली.

"सगळ्या नको काढू," सगुणाबाई म्हणाल्या. "सवाष्णीचा हात मोकळा नको. एक राहू दे."

"आत्या, आत लोखंड आहे. वाढेल ती."

"का वाढंल? तू वाढवलीस तर वाढंल."

तर शुभांगीनं एक हिरवी काचेची बांगडी ठेवली, ती कोपराकडे वर सरकवून बसवली, हाताला साबण लावला, आणि अंगठा करंगळीकडे नेऊन हात फटीत घातला. गेला. मनगट गेलं, पुढचा हात गेला, बांगडीपाशी आल्यावर तिने हात जरासा वळवला आणि बांगडीही आत गेली.  काच लोखंडाला लागल्याचा बारीक टिणटिण आवाज आला. सगुणाबाईंनी डोळे मिटले.

"सापडला बोल्ट," शुभांगी म्हणाली. ती आता डोळे मिटून, गाल बॉनेटच्या कडेला टेकवून उभी होती. "दीपक, बारीक रिंग पाना द्या. नाही, त्याच्याहून बारीक. शेखर, हा किती लांब आहे रे?"

"लांब आहे. हिसका देऊ नकोस. दमानं."

"हिसके देऊन बांगड्या भरतात का?" ती म्हणाली, आणि नट सुटला. मागून वायरचा नट सुटला. लांब बोल्ट इंचाइंचानं बाहेर आला. तो तिने वर काढून मला दिला, आणि मी तो धोतराच्या सोग्यात गुंडाळून ठेवला, कारण अशा वेळी बोल्टच हरवतात.

अल्टरनेटर मोकळा झाला. आम्हाला वाटलं, झालं. पण तो फटीतून निघेना. दीपक गाडीखाली पाठीवर झोपून ढकलत होता, मी वरून ओढत होतो, अल्टरनेटर एका कोपऱ्याला अडून बसला होता. ऊन कलायला लागलं. शेखरही फोनमध्ये डोकं खाजवायला लागला. "ताई, कधी कधी खालून शाफ्ट काढायला लागतो. ते घरी नाही जमायचं."

दीपक गाडीखालून बाहेर आला. त्याने खिशातला फोन घेतला, कुसाबाईंचा नंबर काढला आणि बायकोकडे पाहिलं. 

"थांबा," शुभांगी म्हणाली. "आपण हा ओढतोय. ओढायचा नसतो." तिने पुन्हा हात घातला. अल्टरनेटरला आतल्या आत सगळीकडून चाचपलं, जशी ती नवीन गिऱ्हाइकाचा हात चाचपते. "ह्याचा अंगठा कुठाय ते बघू दे आधी."

"कुठाय?" सगुणाबाईंनी विचारलं.

"बोल्ट जातो तो कान आहे ना, तोच. तोच अडतोय."

"मग त्योच आधी काढ. बाकीचं मागून येईल."

शुभांगीनं दीपकला पुन्हा गाडीखाली जाऊन उचलायला सांगितलं, पण ढकलू नका म्हणाली. तिने अल्टरनेटर हळूच मागे लोटला. मला वाटलं, उलटंच करतेय. मग तो उभा केला, कान पाइपच्या आडून वर काढला, थोडं वळवलं, मग पुली, आणि मग आख्खं धूड बाहेर आलं. येतं तेव्हा असं येतं, की इतका वेळ का अडलं होतं तेच कळत नाही. दीपकनं खालून हाक मारली, "गेला कुठं?" कारण त्याच्या हातातलं वजन एकदम नाहीसं झालं होतं.

शुभांगीनं तो काळा गोळा दोन्ही हातांनी वर धरला. गल्लीतल्या बायका गच्चीवर येऊन उभ्या होत्या, त्यांनी टाळ्या वाजवल्या. फोनमध्ये शेखरच्या मागे मालेगावचे दोन मिस्त्रीही येऊन उभे राहिलेले दिसले. त्यांच्यातला एक म्हणाला, "आपा, इधर आ जाओ काम पे."

नवीन अल्टरनेटर त्याच वाटेनं, उलट्या क्रमानं आत गेला. आधी पुली, मग वळण, मग कान. बोल्ट मी सोग्यातून काढून दिला. पट्टा ताणायला माझी शेतातली पहार उपयोगी पडली. त्या पहारीनं दीपकनं अल्टरनेटर रेटून धरला आणि शुभांगीनं बोल्ट आवळला. शेखर म्हणाला, पट्टा अंगठ्यानं दाबून बघ, बोटभर दबला पाहिजे, जास्त नको, कमी नको. तिने दाबून पाहिलं आणि म्हणाली, "सैलही नाही, घट्टही नाही. हाताला बसला."

दीपक बॅटरी घेऊन आला, जोडली. चाक चढवलं, ओंडका काढला. शुभांगी गाडीत बसली आणि किल्ली फिरवली. समोर लाल दिवा लागला. आम्ही सगळे खिडकीतून त्या एवढ्याशा दिव्याकडे बघत होतो. इंजिन सुरू झालं, जरा घरघरलं, स्थिर झालं. दिवा विझला.

तिने हॉर्न वाजवला. असा खणखणीत वाजला की गच्चीवरचे पारवे उडाले. मग तिने हात खिडकीबाहेर काढला, कोपरापर्यंत काळा, साबणाचे ओघळ आलेला, आणि बांगडी खाली मनगटावर सोडली. हिरवी बांगडी काळी झाली होती, पण आख्खी होती. सगुणाबाईंनी ती पदरानं पुसली, उजेडात फिरवून पाहिली, कुठं चर गेलाय का म्हणून नखानं वाजवली. "राहू दे हीच हातात," म्हणाल्या. "उद्या हीच घालून चल."

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. मला कळवणला बहिणीकडे जायचंच होतं, आणि नसतं जायचं तरी मी गेलो असतो. पुढे सगुणाबाई, मागे डब्यांमध्ये मी, मांडीवर चुड्याचा डबा. दिंडोरी गेली, वणी मागे पडली, डोंगराच्या अंगानं ऊन येत होतं, आणि शुभांगी दर थोड्या वेळानं काट्यांकडे बघत होती. दिवा काही लागला नाही. कळवण ओलांडून गावात शिरलो तेव्हा मांडवात चुलीवर पहिला चहा उकळत होता. ओट्यावर एक पाहुणा गठडं शेजारी ठेवून बसला होता. तो कळवणचा दुकानदार.

कुसाबाई दारात आल्या. सगुणाबाईंच्या गळ्यात पडल्या, मग सुनेकडे पाहिलं, आणि नजर तिच्या हातावर गेली. रात्रभर घासूनही नखांच्या कडेला काळं राहिलं होतं.

"हे काय?" कुसाबाई म्हणाल्या. "नवरीचा हात धरायचा, आन हाताला काळं?"

मांडवातल्या बायका वळून बघायला लागल्या. दुकानदारानं गठड्याच्या गाठीला हात घातला. शुभांगीनं हात पदराखाली घेतले.

सगुणाबाई शांतपणे सतरंजीवर बसल्या. "कुसा, तीट लावताना काळंच लावतो ना आपण? लागू दे पोरीला थोडं, नजर नाय लागायची." मग सुनेचा हात पदरातून ओढून त्यांनी पुढे धरला. "आन तू इचारत होतीस ना, एखादी वाढली तर. हिनं काल हा हात गाडीच्या इंजिनात घातला, हितपर्यंत. ही काचेची बांगडी हातात होती. दिवसभर लोखंडात होती. बघ, वाढली का?"

कुसाबाईंनी बांगडी पाहिली. नखानं वाजवून पाहिली, अगदी सगुणाबाईंसारखीच. मग दुकानदाराकडे बघून म्हणाल्या, "भाऊ, चहा घेऊन जा." आणि घरात हाक मारली, "संजू, ये गं बाहेर."

संजना नर्सिंग शिकणारी, हाताची हाडं रुंद, आणि भ्यालेली. तिने मूठ आवळूनच हात पुढे केला. चुडा अगदी मापाचा, कुसाबाईंना सैल चुडा चालत नाही. शुभांगीनं तिचा हात घेतला, दाबायला लागली, आणि बोलायलाही. दीपकचा हात कसा अडकला, शेखर पाइप कापायला कसा निघाला, नाना कंबर धरून कसे ओढत होते. संजना आधी हसली, मग खळखळून हसली, मूठ सुटली, अंगठा आपोआप करंगळीकडे गेला. वाटेत मी ऐकवलेली बोकडाची गोष्ट शुभांगीनं माझ्याकडे बघून सांगितली, तीही माझ्यापेक्षा बरी. ती संपली तेव्हा दोन्ही हात हिरवे झाले होते. एकही बांगडी वाढली नव्हती.

मी सगुणाबाईंकडे पाहिलं. त्यांचे हात मांडीवर होते, कापत होते, पण त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं.

मग भावकीतल्या बायका रांगेनं बसल्या. सगळ्यांत शेवटी कुसाबाई स्वतः पुढे सरकल्या, सुरकुतलेला हात शुभांगीच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, "आता माझ्या भर. आन ते इंजिनाचं पुन्यांदा सांग, मी चुलीपाशी होते."

कुसाबाईंचे मालक, धोंडीराम, ओट्यावर बसून सगळं ऐकत होते. बांगड्या भरून झाल्या तसे ते खाकरले. "पोरी, आमचा ट्रॅक्टर पंधरवड्यापासून सेल घेत नाय, चालूच होईना. वरातीला लागणार हाय. जरा हात घालून बघती का?"

शुभांगीनं पदर खोचला आणि उठली.

"आधी बांगडी वर सरकव," सगुणाबाई म्हणाल्या.